अर्ध्या पुड्याचे सारण

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहिलेला भाग लिहिताना घातला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "पाककृती" असे छापलेले पाहून दोघा-तिघांनी मला जिन्यात थांबवले. "भाऊ, छापणाऱ्यानं गडबड केली का जी? तुमचा विषय तर पाणी असते." गडबड काही नाही. माझी नोकरी तलावांवर गेली हे खरे. पाळ, सांडवा, तूब, गेट, कालवा यांच्याशिवाय मला दुसरे काही येत नव्हते. सहा वर्षांपूर्वी सौ. गेली. मुलगी सातासमुद्रापार. तेव्हापासून स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडे आला. जो माणूस तलावाचा गाळ काढू शकतो तो कढईच्या बुडाला लागलेलेही काढू शकतो, एवढ्या भरवशावर मी सुरुवात केली.

आज मी एकाच पदार्थाबद्दल बोलणार आहे. ब्रेडचे सारण. शिळा ब्रेड, फळे आणि दाणे यांचे सारण. साहेबी वाटते ना? पण त्यात पडणारी बहुतेक वस्तू आपल्या जिल्ह्यातली आहे, हे मी तुम्हाला दाखवून देणार आहे. आणि हा विषय मी का घेतला, तेही सांगणार आहे.

आधी "का" सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आणि त्याच्या आगेमागेच आपली सोसायटी उभी राहिली. म्हणजे जिल्हा आणि आपण जवळजवळ जोडीने वाढलो. तेव्हा प्रत्येक घरात चार-पाच माणसे होती. संध्याकाळी जिन्यात पाय ठेवला की कोणत्या घरी काय शिजते आहे ते नाकाला कळायचे. पहिल्या मजल्यावर फोडणीची मिरची, दुसऱ्यावर पोपटाच्या शेंगांची भाजी, तिसऱ्यावर सिंधी कढी. दिवाळीच्या आधी तर काय, सगळ्या बायका एका घरी जमायच्या. मराठी घरची करंजी, गुजराती भाभींचे घुघरे, उत्तरेकडच्यांची गुजिया आणि छत्तीसगडकडच्या वहिनींची कुसली एकाच कढईतून निघायची. मुरड कुणाची बारीक, कुणाची जाड, एवढाच फरक. आत सारण सगळ्यांच्या मनासारखे.

आता काय आहे? मुले पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला, काही परदेशात. माझ्या मजल्यावर चार घरे आहेत, त्यातल्या दोन घरांत एकेकच माणूस राहतो. त्यातला एक मी. एकट्या माणसाला स्वयंपाकाचा कंटाळा येतो. दोन पोळ्यांसाठी कणीक कोण मळणार? एका वाटीची भाजी कोण फोडणीला टाकणार? मग काय करायचे, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेडचा पुडा आणायचा. सकाळी चहात बुडवून दोन स्लाइस, रात्री दुधात दोन. आपल्या लहानपणी डबलरोटी फक्त आजारी माणसाला मिळायची. ताप आला की वडील बाजारातून आणायचे, आणि भावंडे त्या आजाऱ्याकडे हेव्याने पाहायची. आज धडधाकट माणसे रोज रात्री आजाऱ्याचे जेवण जेवतात.

आपल्याच सोसायटीतली एक गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव घेत नाही. एक निवृत्त शिक्षिका. यजमान गेल्यावर कित्येक महिने त्यांचे रात्रीचे जेवण म्हणजे ब्रेड आणि चहा. सकाळचेही असेच काहीतरी. दार रोज उघडत होते, दुधाची पिशवी रोज आत जात होती, बाई हसून बोलत होत्या, त्यामुळे कुणाला शंका यायचे कारणच नव्हते. एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेले. हाड मोडले नाही हे नशीब. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी म्हणाले, "आजार काही नाही, आजी जेवत नाहीत."

आजी जेवत नाहीत. तीन मजल्यांच्या, माणसांनी भरलेल्या इमारतीत. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आजचा विषय हा.

त्याच बाई पुढे मला म्हणाल्या, "भाऊ, पोळ्या करायचं मला सांगू नका. ते होत नाही. ब्रेड घरात असतो, त्याचंच काहीतरी सांगा." तेव्हा मला मुलीकडे पाहिलेले ते सारण आठवले.

मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी तो देशभर पाळण्याचे आवाहन केले आणि १९४१ मध्ये त्यांच्या संसदेने चौथा गुरुवार कायम केला. आपल्या दिवाळीसारखीच त्या दिवशी सगळी मुले आईबापांच्या घरी परततात. रेल्वे, विमाने, रस्ते सगळे तुडुंब. जेवणात टर्की नावाचा मोठा पक्षी असतो आणि त्याच्या पोटात ब्रेडचे सारण भरतात. त्याला ते स्टफिंग म्हणतात. वेगळ्या ट्रेमध्ये भाजले तर काही भागांत त्यालाच ड्रेसिंग म्हणतात. आमच्या मुलीच्या घरी पक्षी नसतो, ट्रे असतो. शिळ्या ब्रेडचे तुकडे, कांदा, सफरचंद, बेदाणे, अक्रोड, लोणी, वरून भाज्यांचे पाणी. भट्टीतून निघाले की वरचा थर कुरकुरीत आणि आतून मऊ. मी दोनदा वाढून घेतले.

त्यांच्यातही घरच्या सारणाची जागा डब्याने घेतली आहे, बरं का. १९७२ मध्ये तिकडे तयार सारणाचा डबा बाजारात आला, गरम पाणी घाला की झाले. तो शोधणाऱ्या चमूत रूथ सीम्स नावाच्या गृहविज्ञानाच्या तज्ज्ञ बाई होत्या. त्यांच्या नावावर १९७५ मध्ये त्याचे पेटंटही झाले. त्यातली मेख काय होती ठाऊक आहे? ब्रेडच्या तुकड्याचा आकार. तुकडा फार लहान झाला तर पाणी पडताच लगदा होतो, फार मोठा राहिला तर आत कोरडा राहतो. आमच्या भाषेत सांगायचे तर मुरूम किती जाडीचा घ्यायचा, हाच प्रश्न.

आता सारण म्हणजे काय, हे आपल्या बायकांना मी सांगणे म्हणजे नवेगावच्या बांधाला पाणी दाखवणे. पण मुलांसाठी सांगतो. कोणत्याही सारणात तीन गोष्टी लागतात. एक, ओलावा पिऊन घेणारा आधार. दोन, सगळे एकत्र धरून ठेवणारे स्निग्ध. तीन, चव देणारे दाणे आणि फळे. करंजीत आधार म्हणजे भाजलेला रवा किंवा कणीक आणि सुके खोबरे. स्निग्ध म्हणजे तूप आणि खोबऱ्याचे अंगचे तेल. चव म्हणजे चारोळी, बेदाणे, खसखस, वेलची. ब्रेडच्या सारणात रव्याच्या जागी ब्रेड येतो, एवढेच. फरक असा की करंजी पंधरा दिवस टिकायला हवी म्हणून तिच्यात ओले फळ चालत नाही, कवच मऊ पडते. हे सारण मात्र त्याच दिवशी खायचे, म्हणून यात ओले फळ बिनधास्त घालता येते.

तिकडच्या वस्तू इकडे कुठून आणायच्या? गोंदियाच्या बाजारात उभे राहा, सगळे मिळते.

तिकडे सारणात चेस्टनट नावाचे फळ भाजून घालतात. चवीला पिठूळ, किंचित गोड. तसलाच आपल्याकडे शिंगाडा. इंग्रजीत शिंगाड्याला वॉटर चेस्टनट म्हणतात ते उगाच नाही. झाडे एकमेकांची कुणी लागत नाहीत, पण पिठूळपणा तोच. आणि शिंगाडा म्हटला की मी माझ्या विषयावर आलो. आपले मामा तलाव! मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, मुलांनो. माजी मालगुजारी, म्हणून मामा. आपल्या पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी, मालगुजारांनी धानाच्या शेतीसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या बांधले आणि राखले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, आणि त्यातल्या काहींच्या पाळीवर मी आयुष्य काढले. याच तलावांत आपले ढिवर बांधव शिंगाडा लावतात. दिवाळीच्या आगेमागे टोपल्या भरून बाजारात येतो. थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून, काट्यांतून तो काढावा लागतो. मी पाळीवर स्वेटर घालून उभा असायचो आणि ते पाण्यात. म्हणून बाजारात शिंगाड्याचा भाव करताना माझी जीभ जड होते.

एक काळजी घ्या. तलावातला कच्चा शिंगाडा दातांनी सोलू नका, मुलांना सोलू देऊ नका. पाणवनस्पतींच्या सालीला चिकटून पोटात जंत जाऊ शकतात. स्वच्छ धुवायचा, पंधरा-वीस मिनिटे उकळायचा, मग सोलायचा.

दुसरी वस्तू चारोळी. अक्रोड-बदाम महाग आहेत आणि दुरून येतात. चारोळी आपल्या जंगलाची. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या बाजूला फिरलेल्यांनी चाराचे झाड पाहिले असेल. एप्रिल-मे मध्ये काळसर, आंबटगोड फळे येतात. लहानपणी आपण ती खाल्ली आणि बी थुंकली. त्या बीच्या आत चारोळी असते. फळे पाण्यात भिजवायची, चोळून गर काढायचा, बी वाळवायची, मग जात्यात हलक्या हाताने भरडून कवच फोडायचे. जोर जास्त झाला तर दाणाच चुरडतो. वाटीभर चारोळीमागे किती फळे आणि किती हात लागतात, याचा हिशेब करून पाहा. पूर्वी गावोगाव फिरणारे व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी नेत, हे जुन्या लोकांनी पाहिलेले आहे. आता २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनात राहणाऱ्यांचा हक्क मान्य झाला आहे, आणि २०१३-१४ पासून केंद्राच्या हमीभावाच्या योजनेतही चारोळीच्या बिया आहेत. तरी चाराची झाडे कमी होत चालली आहेत. आपल्या आधी दुसरा नेईल या भीतीने फळ कच्चे तोडले जाते, फांद्या छाटल्या जातात, आणि जमिनीवर पडून रुजायला बी उरत नाही. करंजीत चारोळी दिसली नाही तर आपण कुरकुर करतो. ती कुठून येते हेही ठाऊक असावे.

चारोळीत जवळजवळ निम्मे तेल असते. म्हणून ती लवकर खवट होते. थोडी आणा, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा, आणि घालण्यापूर्वी चार दाणे चावून पाहा. एक खवट दाणा सगळ्या सारणाची चव घालवतो.

तिसरी वस्तू सफरचंदाऐवजी जांब. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगतो, जांब म्हणजे पेरू. अर्धवट पिकलेला घ्यायचा, बियांचा गाभा काढून टाकायचा. चौथी वस्तू नागपुरी संत्र्याचा रस, बेदाणे भिजवायला. आणि पाचवी वस्तू म्हणजे ओवा. तिकडे थाइम नावाची पाने घालतात. मी पुडीवरचे वाचून, हुंगून, पुस्तकात पाहून खात्री केली. त्या थाइमला आणि आपल्या ओव्याला जो वास आहे तो थायमॉल या एकाच द्रव्याचा. तेव्हा परदेशी पुडीवर पैसे घालवायचे कारण नाही.

आता लिहून घ्या. स्मरणिकेत छापून येईलच, पण लिहिलेले जास्त लक्षात राहते.

दोन माणसांसाठी:

अर्धा पुडा, म्हणजे साधारण २०० ग्रॅम ब्रेड, एक-दोन दिवसांचा;
एक मध्यम कांदा;
एक जांब;
आठ-दहा उकडलेले शिंगाडे;
दोन मोठे चमचे बेदाणे, अर्ध्या संत्र्याच्या रसात भिजवून;
दोन मोठे चमचे चारोळी;
दोन मोठे चमचे भाजलेले फल्लीदाणे, जाडसर कुटून;
दोन मोठे चमचे लोणी किंवा तूप;
पाव चमचा ओवा, चार-पाच मिरे कुटून, थोडे किसलेले आले;
मूठभर सांभार, काड्यांसकट;
एक ते सव्वा कप गरम पाणी, भाज्या उकडलेले असेल तर उत्तम;
मीठ बेताने, कारण ब्रेडमध्ये आधीच मीठ असते.

ब्रेडचे बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे चौकोनी तुकडे करा. चुरा करू नका. कडा कापून टाकू नका, त्याच चांगल्या लागतात. कोरड्या कढईत मंद आचेवर तुकडे दहा-बारा मिनिटे परतत राहा. रंग फार बदलायला नको, पण हातात घेतला तर खडखडीत वाटला पाहिजे. हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. कोरडा तुकडा पाणी पितो आणि आकार धरून ठेवतो. ओला तुकडा पाणी पीत नाही, लगदा होतो. कोरडी माती आणि चिखल यांतला फरक आहे हा.

इथे एक गैरसमज काढतो. ब्रेड शिळा होतो तो फक्त वाळून नाही. भाजताना त्यातला स्टार्च पाणी शोषून मऊ होतो, आणि थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट बसतो. म्हणून बंद पिशवीतला ब्रेडही कडक होतो. फ्रीजच्या थंडाव्यात ही क्रिया आणखी वेगाने होते. तेव्हा आणल्या दिवशीच अर्धा पुडा वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. तिथे तो चांगला टिकतो. आणि बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी सगळा ब्रेड फेकायचा. ठिपका कापून बाकीचा खायचा नाही. वर दिसते तेवढीच बुरशी नसते, तिचे धागे आत पसरलेले असतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात दोन-तीन दिवसांत ब्रेडला बुरशी येते. शिळा आणि खराब, हे दोन वेगळे शब्द आहेत.

तुकडे काढून ठेवा. त्याच कढईत लोणी घाला, ओवा टाका, तडतडला की कांदा आणि सांभाराच्या चिरलेल्या काड्या. कांदा मऊ झाला की आले, मग जांबाच्या फोडी. दोन मिनिटांनी शिंगाड्याचे तुकडे, चारोळी, फल्लीदाणे, बेदाणे रसासकट. मिरे, मीठ. आता ब्रेडचे तुकडे घाला आणि सराट्याने हलक्या हाताने वरखाली करा.

पाणी एकदम ओतू नका. निम्मे घाला, हलवा, दोन मिनिटे थांबा, मग लागेल तसे उरलेले. एक तुकडा दोन बोटांत दाबून पाहा. दबला पाहिजे, पण पाणी सुटता कामा नये. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे वाफ येऊ द्या. मग झाकण काढून पाच मिनिटे न हलवता ठेवा, म्हणजे खाली खरपूस पापुद्रा धरेल. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी ट्रेमध्ये १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे झाकून आणि दहा मिनिटे उघडे भाजावे.

नुसते खा, कढीबरोबर खा, किंवा मोठ्या ढोबळ्या मिरचीत भरून वाफवा. ज्यांना कवळी आहे त्यांनी फल्लीदाणे बारीक कुटावेत आणि चारोळी तासभर भिजवावी. मधुमेह असेल तर बेदाणे निम्मे करा, दाणे वाढवा, आणि मैद्याऐवजी गव्हाचा ब्रेड घ्या. बाकी आपल्या डॉक्टरांना विचारून. पंक्तीत वाढताना मात्र, यात कोणते दाणे आहेत ते आधी सांगायचे. कुणाला फल्लीदाण्याची, कुणाला काजूची अॅलर्जी असते, आणि ती थट्टेची गोष्ट नाही. उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफा निघेपर्यंत गरम करून संपवायचे.

शिक्षिका बाईंना मी हे कागदावर लिहून दिले. पहिल्या दिवशी त्यांनी केले, आणि वाटीभर माझ्याकडे पाठवले. वाटीवर चिठ्ठी होती: "ओवा जास्त. आले कमी. दहापैकी सात." नोकरीतून निवृत्त झाल्या, तरी गुण देणे सुटले नाही. मी वाटी रिकामी कशी पाठवायची? दुसऱ्या दिवशी त्यात शिंगाड्याची भाजी घालून पाठवली. मग ती वाटी वरखाली होऊ लागली. तिसऱ्या घरातल्या काकांनी विचारले, हे काय चालले आहे? त्यांच्याकडे अर्धा पुडा होता, बाईंकडे जांब होते, माझ्याकडे चारोळी. तिघांचे मिळून एक सारण झाले. एकट्याने करायला घेतले असते तर तिघांनीही त्या रात्री दूध-ब्रेडच खाल्ला असता.

बाईंचे वजन आता वाढले आहे. डॉक्टर खूश आहेत. पण सारणात काही जादू नाही, हे मला ठाऊक आहे. ब्रेडमध्ये दोन चमचे दाणे आणि एक जांब घातल्याने माणूस एवढा सुधारत नाही. रोज संध्याकाळी सात वाजता कुणीतरी वाटी घेऊन येणार आहे, मग आपणही काहीतरी करून ठेवले पाहिजे, या विचाराने माणूस उठतो, गॅस पेटवतो, आणि जेवतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे, या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, एक लहानसा प्रस्ताव ठेवतो. कोषाध्यक्षांनी घाबरू नये, यात निधी लागत नाही. गणेशोत्सवाची मोठी शेगडी आणि दोन गंज या सभागृहाच्या मागच्या खोलीत वर्षभर धूळ खात पडलेले असतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी ते बाहेर काढायचे. ज्याच्या घरी जे अर्धे आहे ते त्याने आणायचे. अर्धा पुडा, अर्धा कोबी, दोन जांब, मूठभर दाणे. वर्गणी नाही, वही नाही, कुणी किती आणले याची नोंद नाही. मिळून करायचे आणि मिळून जेवायचे. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्या घरी मुलांनी वाटी पोहोचवायची. आणि वाटी पोहोचवताना एक काम न विसरता करायचे: "आजी, आज काय जेवलात?" असे विचारायचे आणि उत्तर पूर्ण ऐकायचे.

दिवाळीचा एकत्र फराळ बंद पडला तो भांडणाने नाही. करणारे हात थकले, आणि नवे हात गावाबाहेर गेले. करंजीची मुरड घालायला आता बोटे साथ देत नाहीत हे मान्य. पण ब्रेडचे तुकडे करायला कुणालाही जमते. सहा वर्षांच्या मुलालाही जमते, आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही.

पहिला शनिवार पुढच्या आठवड्यात येतो. शिंगाडे मी आणतो, उकडूनही आणतो. चारोळी माझ्याकडे आहे, चावून पाहिलेली आहे. ओवा किती घालायचा ते मात्र बाई ठरवतील.

आपल्या सोसायटीला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा देतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.